खालच्या वस्तीतले सांधे

शिवकन्याला मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच दारात. उपकेंद्राच्या भिंतीला टेकून ती बसली होती. मांडीवर पांढरा पाईप आडवा धरलेला, हातात करवतीचं पातं. मी नुकतीच बदली होऊन जांभळदऱ्याला नर्स म्हणून आले होते. पाटोद्याहून निघालेली गाडी घाट चढून धापा टाकत इथं येते आणि वळून परत जाते, त्यापुढं डांबरी रस्ता नाही. उपकेंद्राची मोरी तुंबली होती, बाहेरचा पाईप फुटला होता, म्हणून मी गावात निरोप दिला होता. मला वाटलं, मिस्त्री तंबाखू खायला कुठं तरी गेलाय आणि ही त्याच्या हाताखालची बाई आहे.

"मिस्त्री कधी येणार?" मी विचारलं.

"मीच हाय की, सिस्टर," ती म्हणाली आणि पातं न थांबवता पाईपाचा तुकडा अलगद वेगळा केला. त्याचं तोंड इतकं सरळ होतं, की मी ते उगीच हातात घेऊन बघितलं.

ती तेव्हा तीस-बत्तीस वर्षांची असेल. सडपातळ, काळीसावळी, बोलताना डोळे जरा बारीक करायची. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊस तोडायला गेली. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. शहादेव आणि शिवकन्या असे तेरा हंगाम एक कोयता होते. मग तिच्या पोटाचं दुखणं सुरू झालं. तालुक्यातल्या एका डॉक्टरनं गर्भाची पिशवी काढायला सांगितली, तिनं काढली. आमच्याकडं हे इतक्या बायकांचं झालंय, की तिनं मला ते सांगितलं तेव्हा मी ते रजिस्टरात नोंदवून पुढचं विचारलं. ऑपरेशननंतर डोक्यावर मोळी घेऊन गाडीची फळी चढणं तिला जमेना. शहादेव अर्धा कोयता होऊन एकटाच जाऊ लागला. ती गावात राहिली आणि मिळेल ती मजुरी करू लागली.

त्याच वर्षी मोहनरावांचा बंगला बांधून होत होता. मोहनराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. तिथं शिवकन्या विटा वाहायला होती. बंगल्यातल्या नळाच्या कामाला नेकनूरचा मुंजाजी मिस्त्री यायचा. सत्तरीकडं झुकलेला माणूस, हात थरथरायला लागलेले. एकदा त्यानं तिला पाईप धरायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी कापायला दिला. तिनं तो एका दमात सरळ कापला.

"कुठं शिकलीस गं?" त्यानं विचारलं.

"ऊस तोडायला," ती म्हणाली.

म्हातारा लई वेळ हसत होता, असं ती सांगायची. पुढची दोन वर्षं ती त्याच्याबरोबर फिरली. नेकनूर, पाटोदा, लिंबागणेश, जिथं घर बांधून होई तिथं. त्यानं तिला सगळं दाखवलं. पाईप कापल्यावर आतला-बाहेरचा भुसा पॉलिश पेपरनं घासायचा, फडक्यानं कोरडा पुसायचा, कुठवर आत जाणार तिथं पेन्सिलनं खूण करायची. मग डब्यातलं सोल्युशन दोन्हीकडं लावायचं, पाईप आत घालताना पाव फेरा फिरवायचा आणि तीसपर्यंत मोजेस्तोवर दाबून धरायचं. सोल्युशनला आमच्याकडं सगळे सुलोचन म्हणतात. मुंजाजीही तसंच म्हणायचा.

"सुलोचन चिटकवीत न्हाई, पोरी," तो तिला सांगायचा. "ते पाईपाला इरघळवतंय. दोन्ही तोंडं जराशी इरघळत्यात अन् एकजीव व्हत्यात. चिटकवल्यालं कवातरी निघतंय. एकजीव झाल्यालं न्हाई निघत."

आणि शेवटी एक दिवस वाट बघायची, मग पाणी सोडून, टोक बंद करून, प्रत्येक सांध्यावरून कोरडा हात फिरवायचा. हात कोरडा राहिला तरच मातीत गाडायचं.

मुंजाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तो घरी बसला, तेव्हा त्यानं आपली हत्यारांची पिशवी तिला दिली. जांभळदऱ्यात आधी लोक हसले. बाई नळ जोडती म्हणून पोरंटोरं मागं यायची. पण तिचा जोड गळत नाही हे कळल्यावर हसणं बंद झालं. एखाद्या बाईला गावात आपल्या कामावरून ओळख मिळणं ही काय चीज असते, हे मी तिच्या चालण्यात बघितलंय. ती रस्त्याच्या मधून चालायची.

दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळानंतर गावात पाण्याची सहकारी संस्था निघाली. पाझर तलावाच्या खाली विहीर, तिथून मोटारीनं पाणी डोंगरावरच्या टाकीत, टाकीतून घरोघर नळ. प्रत्येक घर सभासद. चेअरमन अर्थातच मोहनराव. मोठी पाईपलाईन ठेकेदारानं टाकली, पण घराघरांत नळ जोडायचं काम मोहनरावांनी सभेत उभं राहून शिवकन्याला दिलं. "आपल्या गावची लेक हाय, कामात खोट न्हाई," असं ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या बंगल्यातले निम्मे सांधे तिच्याच हातचे होते.

एकशे बारा घरं. चौदाच्या दिवाळीनंतर तिनं सुरुवात केली. शहादेव तोडीला गेलेला, त्यांची मुलगी पाटोद्याला शाळेच्या वसतिगृहात. ती उजाडता घरातून निघायची आणि ऊन तापायच्या आत सांधे उरकायची, कारण ऊन चढलं की सुलोचन ब्रशवरच सुकतं. दुपारी नाल्या खोदायच्या, पाईप कापून ठेवायचे. प्रत्येक घरात ती आधी बाईला विचारायची, तोटी कुठं पाहिजे. गावात आजवर कुणी बायकांना असलं काही विचारलं नव्हतं. बायका विचारात पडायच्या. कुणाला चुलीजवळ, कुणाला न्हाणीत, कुणाला तुळशीपाशी.

खालच्या वस्तीत, ओढ्याच्या कडेला, शिवकन्याच्या घराशेजारी भिवराबाई राहायची. पंच्याहत्तरीची, एकटी, मुलगा पुण्याला. गुडघे गेलेले. ती म्हणाली, "मला खाली, बसल्या जागी हाताला यील आशी दे. उभं ऱ्हाऊन घागर उचलना व्हत न्हाई मला." शिवकन्यानं तिला अंगणात वीतभर उंचीवर तोटी द्यायचं कबूल केलं. भिवराबाई तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती जागा दाखवायची. मी तिच्या गुडघ्याला मलम द्यायला गेले तेव्हा मलाही दाखवली. तिथं तिनं शेणानं सारवून ठेवलं होतं.

पावसाळा तसाही कोरडा गेला होता. विहिरीत पाणी होतं, पण ते रोज खाली जात होतं. मोहनरावांना घाई झाली. जिल्ह्याचे मोठे पाहुणे उद्घाटनाला यायचे होते आणि त्यांनी मार्चमधली तारीख दिली होती. तोवर अठ्ठ्याहत्तर घरं झाली होती, खालची वस्ती बाकी होती. आणि तिथंच चांगल्या सुलोचनचा साठा संपला.

संस्थेच्या गोदामातून नवी पेटी आली ती पत्र्याखाली दोन उन्हाळे तापलेली. शिवकन्यानं डबा उघडला. आत रस नव्हता, गोळा होता. ब्रश बुडवून वर काढला तर तारा आल्या, पाकासारख्या. डब्यावरची तारीख केव्हाच उलटून गेली होती. तारीख तिला वाचता येत होती. ती डबा तसाच हातात घेऊन बंगल्यावर गेली.

"चेअरमनसाहेब, ह्यो माल बाद झालाय."

"बाद कसा होईल? सीलबंद हाय," मोहनराव म्हणाले.

"बघा की तुमी. तारा येत्यात. ह्यानं पाईप इरघळत न्हाई."

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "घट झालाय तर पातळ कर. रंगाचं थिनर पडलंय गोदामात, ते टाक."

"तसं न्हाई जमत. त्यानं ताकदच जाती त्याची. पाटोद्याहून नवे डबे आणा, चारच दिवस लागत्याल."

"मालाचा ठराव होऊन बसलाय. नव्या मालाला नवी सभा, नवा ठराव. कुठून आणू आता?" ते चिडले नव्हते, दमलेले होते. "हे बघ शिवकन्या, पाव्हण्यांची तारीख काय आपल्या हातात न्हाई. दहा दिवसांत खालची वस्ती झाली पायजे. तुला जमत नसंल तर तसं सांग. मी बीडहून माणसं आणतो. ती काय डबा उघडून बघत बसायची न्हाईत."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. खालच्या वस्तीतल्या बायका तिच्या दारात आल्या. त्या तिच्या रोजच्या, बरोबर ओढ्यात पाण्यासाठी झिरे उकरणाऱ्या. "वरच्या लोकांचं झालं, अन् आपल्यापाशी येऊन तू कावून थांबलीस?" एकीनं विचारलं. "आपल्याच नळाला आडवी येतीस व्हय?"

दुपारी ती उपकेंद्रात आली. बाकावर बसली आणि औषधांच्या कपाटाकडं बोट केलं.

"सिस्टर, तारीख उलटल्यालं औषध तुमी देताव का?"

"नाही," मी म्हणाले.

"अन् सायबानं द्या म्हणलं तर?"

"त्यांच्याकडून तसं लिहून घेईन."

ती हसली. "मला कोण लिवून देतंय?"

मला सगळं कळलं होतं. मोहनराव माझं ऐकायचे. मी संध्याकाळी बंगल्यावर जाऊन एक शब्द टाकू शकले असते. पण माझ्या बदलीचा अर्ज तेव्हा त्यांच्याच शिफारशीसाठी पडून होता. मी गेले नाही. हे मी इथं लिहितेय, कारण ते घडलंय.

शिवकन्यानं तिसऱ्या दिवशी थिनर टाकलं. दहा दिवसांत चौतीस घरं केली. आपलं स्वतःचं त्यातलंच, भिवराबाईचंही. पाणी सोडून तपासायला वेळ नव्हता आणि पाणीही नव्हतं. विहीर तळाला गेली होती.

उद्घाटनाच्या दिवशी पहाटे तीन टँकर आले आणि डोंगरावरच्या टाकीत रिकामे झाले. नऊला पाहुणे आले. मंडप, हार, भाषणं. मोहनराव मनापासून बोलले. बायका घरोघर तोटीपाशी घागरी लावून बसल्या. पाहुण्यांनी चावी फिरवली.

आधी हवा आली. गावभर तोट्या फुसफुसायला लागल्या. मग वरच्या आळीत पाणी पडलं. तांबूस, मग स्वच्छ. कुणीतरी शिटी वाजवली. मी उपकेंद्राच्या तोटीखाली हात धरून उभी होते, आणि धार माझ्या हातावर होती तोवरच ती बारीक होऊ लागली.

टाकी डोंगरावर, खालची वस्ती सगळ्यात तळाला. पाण्याचा सगळा जोर तिथं. पहिला सांधा तिथल्या कोपऱ्यावर सुटला, मग दुसरा, मग कितीतरी. पाईप एल्बोतून, म्हणजे वळणावरच्या कोपरासारख्या तुकड्यांतून, बाहेर येत होते, भिंतीच्या मातीत पाणी शिरत होतं, अंगणांतून ओढ्याकडं लोट निघाले. वरचं पाणीही ओढून तिकडंच गेलं. बायका ताटांनी, वाट्यांनी, हातांनी चिखलाचं पाणी भरत होत्या. सगळ्यांना घाई होती. "चावी बंद करा रं!" असं खालून कुणीतरी गडी ओरडला, पण मंडपात बँड चालू होता. अर्ध्या तासाच्या आत टाकी रिकामी झाली.

मला बोलवायला आले ते भिवराबाईसाठी. ती तिच्या खालच्या तोटीपुढं हळदी-कुंकवाचं ताट घेऊन बसली होती. मागच्या भिंतीतला एल्बो सुटला, पाण्याचा झोत पाठीत बसला, ती घाबरून उठायला गेली आणि सारवलेल्या जमिनीवर घसरली. मी गेले तेव्हा शिवकन्या चिखलात बसून तिचं डोकं मांडीवर घेऊन होती. भिवराबाईचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता. खुबा मोडला होता, ते बघताक्षणी कळत होतं. पाहुण्यांच्याच गाड्यांपैकी एका गाडीतून तिला बीडला नेलं.

आठ दिवसांनी सभा झाली. मोहनराव म्हणाले, काम नीट झालं नाही, आपण विश्वास टाकला, चूक झाली. त्यांनी तिचं नाव घेतलं नाही, पण सगळे तिच्याकडं वळले. ती बायकांत बसली होती. उठली.

"डबे बाद व्हते," ती म्हणाली. "मी चेअरमनसाहेबाला सांगितलं व्हतं. थिनर टाक म्हणले. मला म्हाईत व्हतं ह्ये जोड टिकायचे न्हाईत. म्हाईत असून मी जोडले."

सभेत गलका झाला. तिच्या बोलण्याचा आधीचा भाग जणू कुणी ऐकलाच नाही आणि शेवटचं वाक्य तेवढं उरलं. माहीत असून जोडले. वरच्या आळीचे म्हणाले, बघा, कबूल करती. खालच्या वस्तीचे म्हणाले, आपल्याच माणसांना फसवलं. मोहनराव खाली बघत होते. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मीही तिथं होते. मीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी ती नेकनूरला गेली. मुंजाजी मिस्त्री ओट्यावर बसला होता, डोळ्यांवर ऑपरेशनची हिरवी पट्टी. तिनं सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं.

"तुला कळत व्हतं ना?"

"व्हय."

"मंग मी काय बोलू," तो म्हणाला. चहा आला, दोघांनी प्यायला आणि ती उठली. पुढं तो चार महिन्यांनी वारला. तिला चार दिवसांनी कळलं.

एप्रिलमध्ये शहादेव तोडीहून आला. त्याला रस्त्यातच सगळं कानावर आलं होतं. "कावून बोललीस सभेत?" तो म्हणाला. "डब्याचं तेवढं सांगून गप बसली असतीस तर चेअरमनवरच गेलं असतं."

"खरं व्हतं म्हणून बोलले."

"खऱ्याचं काय झालं मग?"

ती त्याला म्हणाली, मला सगळे जोड पुन्हा करायचेत. तो चकित झाला. विहीर आटलेली, संस्था बंद पडायच्या बेतात, पाण्याचा पत्ता नाही. तरी तो तिच्याबरोबर टिकाव घेऊन निघाला. पाटोद्याहून त्यांनी पदरचे चांगले डबे आणले. तेवढा उन्हाळा ती दोघं खालच्या वस्तीत उजाडता नाल्या उकरत होती. तीन घरांनी दार उघडलं नाही. बाकीच्यांनी करू दिलं, पण कुणी बाहेर येऊन उभं राहिलं नाही. "पाणीच न्हाई तर कशाला उकरतीस बया," एवढं एक बाई बोलली.

एकतीस घरं झाली. तपासायला पाणी नव्हतं. मे महिन्यात गावाला दोन दिवसांआड एक टँकर होता. तेव्हा तिनं काय केलं, तर शहादेवचा सायकलचा पंप घेतला. पाईपाचं एक टोक बंद केलं, दुसऱ्या टोकाला रबर लावून हवा भरली, आणि माझ्याकडून साबणाचा तुकडा नेला. वाटीभर पाण्यात तो कालवून तिनं फडक्यानं प्रत्येक सांध्यावर फेस लावला. सांधा फुटका असेल तर फेसाला बुडबुडे येतात. मी त्या सकाळी तिच्या मागं मागं फिरले. एकतीस घरं, सव्वाशेच्या वर सांधे. कुठंही एक बुडबुडा आला नाही. शेवटच्या घरी तिनं वाटीतला उरलेला फेस बघितला, त्याच फेसानं आपले हात धुतले आणि वाटी मला परत केली.

"बसले," ती म्हणाली.

हे बघायला मी आणि शहादेव, दोघंच.

भिवराबाईला जूनमध्ये घरी आणलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. तिच्या लेकानं वरच्या आळीतल्या एका बाईला जेवणाचं सांगून ठेवलं आणि तो पुण्याला गेला. तिला सभेतलं सगळं कळलं होतं. शिवकन्या पहिल्या दिवशी तिच्या खाटेशी गेली आणि पायाशी बसली. म्हातारी भिंतीकडं वळली. त्यानंतर शिवकन्या रोज टँकरच्या पाण्यातली एक कळशी तिच्याकडं नेऊन ठेवायची, तिचं अंग पुसायची, पाठीला झालेल्या जखमा मी सांगेन तशा साफ करायची. भिवराबाई सगळं करू द्यायची, पाणी प्यायची, पण बोलायची नाही. मी एकदा म्हणाले, "आजी, ती रोज येते, एक शब्द तरी बोला." भिवराबाई म्हणाली, "मी काय बोलू तिला? मला वळखीचं वाटत न्हाई तिचं त्वांड." पंधराचा पावसाळाही कोरडा गेला. सोळाच्या माघात भिवराबाई गेली. शेवटपर्यंत शिवकन्याशी बोलली नाही.

संस्थेची मोटार तोवर काढून नेली होती. कार्यालयाला कुलूप लागलं. टँकर आता सार्वजनिक विहिरीत पाणी ओतायचा आणि लोक वरून बादल्या सोडायचे. विहिरीत ओतायच्या आधीच टँकरच्या तोंडापासून घरापर्यंत पाणी न्यायला पाईप लागायला लागले, आणि पाईप तर अंगणात गाडलेलेच होते. आधी एकानं उकरला. मग आठवड्याभरात सगळ्यांनी. काहींना ते कापायला जमेना, तेव्हा ती माणसं शिवकन्याकडं आली. वर्षभर न बोलणारी माणसं.

"तेवढं सरळ कापून दे," म्हणाली.

तिनं कापून दिले. आपल्या हातांनी जोडलेले, साबण लावून तपासलेले सांधे तिनं सोडवले नाहीत, कारण ते सुटत नाहीत. ती त्यांच्या अलीकडून-पलीकडून कापायची. ओढ्याच्या कडेला एल्बो आणि तीन तोंडांच्या 'टी' तुकड्यांचा ढीग पडला. पोरं ते वाजवत हिंडायची.

त्या सप्टेंबरात पाऊस आला. आठ दिवस येत राहिला, घाट खचला, तलाव भरून सांडव्यावरून वाहिला. संस्थेची विहीर काठोकाठ आली. वाकलं तर हाताला पाणी लागत होतं. जांभळदऱ्यात न्यायला मात्र तिथं मोटार नव्हती, पाईप नव्हते, संस्था नव्हती. बायका डोक्यावर हंडे घेऊन तलावाखाली उतरायच्या आणि डोंगर चढून यायच्या. मोहनरावांनी आपल्या बंगल्यापुरती वेगळी लाईन टाकली. ते काम बीडच्या माणसांनी केलं.

दिवाळीनंतर शहादेव आणि शिवकन्या पुन्हा एक कोयता म्हणून तोडीला गेले. तिच्याकडं गावात आता कुणी काम सांगत नव्हतं. जाताना ती पोटाला बांधायचा पट्टा माझ्याकडून घेऊन गेली. ती पुन्हा दिसली ते मे महिन्यात. आणखी वाळली होती, केस पुढून पांढरे झाले होते. लोहाच्या गोळ्या घ्यायला आली आणि बाकावर बसली.

कृष्णेकाठी त्यांच्या टोळीच्या खोपी एका बागायतदाराच्या शेताकडेला होत्या, असं तिनं सांगितलं. खोपीपासून दहा पावलांवर त्याच्या पाईपलाईनचा एक सांधा गळत होता. बारीक नाही, मनगटाएवढी धार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी सरीत जात होतं, सरीतून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. दोन दिवस तिनं बघितलं. तिसऱ्या दिवशी मालक मोटारसायकलवर आला तेव्हा ती पुढं झाली.

"मालक, डबा तेवढा आणून द्या. मी जोडून देते. मला येतंय."

मालक हसला. म्हणाला, "राहू दे की. पाण्याला काय तोटा आहे इथं?"

"मग?" मी विचारलं.

"मंग काय, सिस्टर. आमी समद्या टोळीनं तिथंच हंडे लावले. पाच म्हैने तिथंच भरलं. अंघुळी तिथंच, धुनी तिथंच." ती पदराची गाठ सोडू लागली. "लई गोड पाणी व्हतं."

मी गोळ्या मोजून पुडी बांधली. सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवणानंतर, चहाबरोबर घ्यायची नाही, हे तिला सांगितलं. तिनं पुडी पदराच्या गाठीत बांधली आणि बाहेर ठेवलेला रिकामा हंडा उचलून ती तलावाच्या वाटेला लागली.